दहा ते दहा वीस

मेतोदी स्तामातोवला हळू बोलता येत नाही, ही गोष्ट डॅन्यूबच्या अलीकडे, बल्गेरियातल्या रुसे गावात सगळ्यांना ठाऊक होती आणि वारा बरा असला तर पलीकडे रोमानियातही. त्यात त्याचा काही दोष नव्हता. चौतीस वर्षं तो जहाजाच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. ड्रॉइंग कागदावर शांतपणे काढता येतं, पण ते घेऊन खाली गोदीत गेलं की शेकडो हातोडे एकदम चालू असायचे आणि दार डावीकडे दाखवलेलं असलं की वेल्डर मंडळी ते हमखास उजवीकडे बसवायची. तिथं ओरडावंच लागायचं. पुढं मेतोदी निवृत्त झाला, आवाज मात्र कामावरच राहिला. जेवताना तो "मीठ दे" म्हणाला की त्याची बायको रोसित्सा मीठ द्यायचीच, पण वरच्या मजल्यावरची माणसंही दचकून मिठाची बरणी पुढं सरकवायची.

मागच्या उन्हाळ्यापर्यंत हा सगळा हसण्यावारी न्यायचा विषय होता. मग सोफियाहून मुलगी दानियेला आली, सोबत चार वर्षांची नात याना. संध्याकाळी टीव्हीवर फुटबॉल चालू होतं. आपल्या गोलकीपरनं हातातला चेंडू सोडला आणि मेतोदीनं त्याला जे सांगायचं ते सांगितलं. गोलकीपरपर्यंत ते पोचलं की नाही देव जाणे, याना मात्र टेबलाखाली गेली. टेबलक्लॉथ दोन्ही हातांनी घट्ट धरून ती आत बसली आणि मेतोदीला बाहेर बागेत पिटाळल्याशिवाय बाहेर आली नाही. पुढचे आठ दिवस तो खोलीत शिरला की ती निघून जायची. रडायची नाही, बोलायची नाही, फक्त निघून जायची.

तेव्हापासून दर रविवारी अकरा वाजता फोन आला की ती आधी विचारायची, "आजी, द्यादो घरी आहे?" द्यादो म्हणजे आजोबा. आजोबा घरी असले की तिची वाचा बसायची. म्हणून रविवारी अकराला पाच मिनिटं असताना मेतोदी कचऱ्याची पिशवी घेऊन खाली जायला लागला. कधीकधी पिशवीत कचरा नसायचाही. खालच्या बाकावर अर्धा तास बसून तो वर यायचा आणि विचारायचा, "काय म्हणाली?" आणि हे दोन शब्दसुद्धा सगळ्या जिन्याला ऐकू जायचे.

जुलैमध्ये दानियेलानं कळवलं की ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी ती यानाला घेऊन दहा दिवसांसाठी येतेय. मेतोदी त्याच दिवशी डॉक्टर पाशेवांकडे गेला आणि आवाज कमी होण्याचं औषध मागितलं. डॉक्टरीणबाईंनी त्याचा रक्तदाब तपासला, दुसऱ्यांदा तपासला आणि म्हणाल्या, "गोळी नाही. ध्यान करा. रोज वीस मिनिटं गप्प बसायचं, डोळे मिटायचे, श्वास मोजायचा. मनात विचार आला तर त्याला जाऊ द्यायचं."

"कुठं?" मेतोदीनं विचारलं. बाहेर रांगेतला एकजण उठून आत डोकावून गेला.

मेतोदीनं कॅलेंडर समोर घेतलं. त्या शनिवारपासून मागं मोजत गेल्यावर बरोबर चाळीस दिवस भरत होते. आकडा गोल होता, त्याला आवडला. शेजारच्या त्सोंकामावशीला मात्र मुळीच आवडला नाही. मावशी अठ्ठ्याहत्तर वर्षांची, सगळ्या इमारतीची मावशी, आणि सासष्ट वर्षांच्या मेतोदीला "पोरा" म्हणणारी जगातली शेवटची व्यक्ती. "पोरा, चाळीस दिवस मेलेल्या माणसाचे मोजतात. जित्या माणसानं एकोणचाळीस करावेत," ती म्हणाली. मेतोदीनं ते हसण्यावारी नेलं. मावशीच्या म्हणण्याकडे दुर्लक्ष करून या इमारतीत आजवर कुणाचंही भलं झालेलं नाही.

पहिल्या दिवशी तो जमिनीवर मांडी घालून बसला. मांडी म्हणजे एक पाय पोटाशी आणि दुसरा कपाटाखाली. डॉक्टरीणबाईंनी श्वास दहापर्यंत मोजून पुन्हा एकपासून सुरू करायला सांगितलं होतं, पण अर्ध्यात सोडलेलं काम मेतोदीला आयुष्यात कधी पटलं नव्हतं. तो मोजतच गेला. तीनशे अठ्ठावीसपर्यंत पोचल्यावर उठून त्यानं आकडा वहीत टिपला. दुसऱ्या दिवशी तीनशे एकवीस भरले, तर आपली प्रगती झाली की अधोगती, या काळजीनं रक्तदाब वाढला.

मग सल्ले सुरू झाले. खिडकी उघडी ठेवून जमिनीवर बसतोय म्हटल्यावर मावशीनं कपाळाला हात लावला. थंड फरशीनं मूत्रपिंडं जातात आणि दोन खिडक्यांमधल्या वाऱ्याच्या झोतानं उरलेला माणूस जातो, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. तिनं लोकरीचा कंबरपट्टा विणून दिला. ऑगस्ट महिना, बाहेर अडतीस डिग्री, आणि मेतोदी कंबरेला लोकर गुंडाळून खिडक्या बंद करून मनःशांतीच्या शोधात बसलेला.

खालच्या मजल्यावरचा किरो, जो इमारतीचा व्यवस्थापकही होता, त्याचं मत वेगळं. "डोळे मिटून काय मिळतं? मी वीस वर्षं गळ टाकून नदीकाठी बसतोय. मन असं रिकामं होतं म्हणून सांगू."

"आणि मासे?" मेतोदीनं विचारलं.

"मासे हा त्यातला विषयच नाही," किरो दुखावल्यासारखा म्हणाला. मावशीची पद्धत आणखी निराळी. ती अक्रोड फोडताना मेलेल्या आणि जित्या सगळ्या नातेवाइकांची नावं मनात घ्यायची. अक्रोड संपेपर्यंत सगळ्यांना माफ करून टाकायचं, फक्त धाकट्या जावेसाठी वेगळे चार अक्रोड ठेवायचे. रोसित्साला विचारलं तर ती इस्त्री करताना म्हणाली, "मी हेच करते रे. तू मध्ये बोलला नाहीस तर." त्या दिवशी पहिल्यांदा मेतोदी तिच्या इस्त्रीकडे पाच मिनिटं नुसतं बघत बसला. शर्टाची कॉलर ती कशी बोटांनी आधी सपाट करते, हे त्यानं एकेचाळीस वर्षांत पाहिलंच नव्हतं.

पंधराव्या दिवसानंतर थोडा फरक पडायला लागला. पाण्याच्या पाइपांचे आवाज ओळखू यायला लागले. बातम्या लागल्या की तो फक्त नाकातून ओरडायचा. विसाव्या दिवशी रोसित्सानं त्याच्या कपाळाला हात लावून पाहिला. "बरं नाही का तुला? परवापासून एकदाही ओरडला नाहीस."

"मी शांत झालोय," तो म्हणाला.

"हं," ती म्हणाली, आणि तिच्या त्या 'हं'मध्ये आनंदापेक्षा काळजीच जास्त होती. ध्यान आटोपलं की मेतोदी आणखी पाच मिनिटं भिंतीकडे तोंड करून एक जादा सराव करायचा. तो कुणालाच माहीत नाही, अशी त्याची समजूत होती.

खरा अडथळा होता दारावरच्या बेलचा. दहा वाजता डोळे मिटावेत आणि दहा वाजून चार मिनिटांनी किरोनं सही घ्यायला यावं, मावशीनं भोपळा किसायला किसणी मागावी, कुणाची धुण्याची पावडर संपली, कुणाचं पत्र चुकून इथं आलं. तिसावा दिवस ओलांडल्यावर मेतोदीच्या तोंडून पुन्हा एकदा जुना आवाज निघाला आणि टपालवाल्या बाईनं पत्रांचा गठ्ठा जिन्यात टाकला. तेव्हा त्यानं ठरवलं की दारावर एक सूचना लावायची.

साधी सूचना होती. 'दहा ते दहा वीस शांत आहे. बेल वाजवू नये.' पण चौतीस वर्षांची सवय अशी सुटत नाही. कारखान्यात चौकटीशिवाय ड्रॉइंग गेलं तर साहेब ते न बघता परत पाठवायचे. मेतोदीनं पांढराशुभ्र कागद घेतला, पट्टी घेतली, काळ्या शाईनं चारी बाजूंना रेखीव जाड चौकट आखली. वरती मधोमध मोठ्या अक्षरांत नाव घातलं, कारण कागद कुणाचा आहे ते आधी कळलं पाहिजे: मेतोदी स्तामातोव. मजकूर खाली, बारीक अक्षरांत. रोसित्सा सकाळी आठ वाजताच मिरच्या आणायला बाजारात गेली होती. ती घरी असती तर तिनं तो कागद तिथंच फाडला असता. काळ्या चौकटीत नाव लिहिलेला कागद दारावर लागला की त्या दारातलं माणूस गेलं, हे इथं बालवाडीतल्या मुलांनाही कळतं. इमारतीच्या दारावर, झाडांवर, बसथांब्यावर असे कागद आयुष्यभर वाचत आलेला मेतोदी मात्र चौकटीच्या चारी कोपऱ्यांचा काटकोन तपासण्यात इतका गुंग होता की त्याला ते सुचलंच नाही. त्यानं कागद चिकटवला, दोन पावलं मागं जाऊन पाहिला, रेषा सरळ आहेत याचं समाधान मानलं आणि आत जाऊन अंडी उकडायच्या घड्याळाला वीस मिनिटांची चावी दिली. गुरुवार होता. अडतिसावा दिवस.

तिसऱ्या मिनिटाला जिन्यात पावलं वाजली आणि थांबली. मग काहीतरी खाली पडलं. ती मावशीची किसणी होती. परत करायला आली होती ती, चष्मा घरी ठेवून.

"अगं आई!" मावशीचा आवाज. मग धावती पावलं, मग खालून किरोचा आवाज, मग बरेच आवाज. चौकट आणि वरचं नाव पाहिल्यावर खालची बारीक अक्षरं वाचायला कुणी थांबलं नाही, आणि बेलही कुणी वाजवली नाही. मेतोदीला बरं वाटलं. सूचनेचा उपयोग होतोय, हा विचार आला, तो त्यानं जाऊ दिला.

दार पातळ होतं. "काल तर जिन्यात भेटला होता," किरो म्हणत होता. "मला म्हणाला, 'सुप्रभात.' हळू म्हणाला. मला तेव्हाच कळायला हवं होतं."

"रोसित्सा आठ वाजताच पिशव्या घेऊन बाहेर पडलेली पाहिली मी. तयारीलाच गेली असणार बिचारी. एकटी!" मावशी रडत म्हणाली.

कुणीतरी गेलं, हे मेतोदीच्या ध्यानात आलं. कोण असेल? रोसित्साचं नाव त्याच्या कानावर आलं, पण कुणाच्याही घरी काही झालं की रोसित्सा मदतीला जातेच. चौथ्या मजल्यावरचा वृद्ध शिक्षक असेल. उठून जावं असं वाटलं, पण अडतीस दिवसांत तो एकदाही घड्याळ वाजण्याआधी उठला नव्हता.

"तोंडाचा फाटका होता, पण मन तसं नव्हतं," मावशी म्हणाली. "लिफ्टमध्ये मी अडकले होते ना, तेव्हा त्यानं गच्चीवरून अशी आरोळी ठोकली की दुरुस्तीवाला तीन गल्ल्यांपलीकडून धावत आला."

"नळाचं पाणीही त्यानंच ओरडून आणलं. आता कचेरीत कोण ओरडणार? मला तर जमत नाही, माझा आवाज चिरकतो." किरोनं नाक ओढलं. "सकाळी सातच्या बातम्यांना तो ओरडला की मी घड्याळ लावायचो. तीन आठवडे झाले, माझं घड्याळ मागं पडतंय."

मेतोदीला गहिवरून आलं. असा माणूस आपल्याच इमारतीत राहत होता आणि आपली त्याच्याशी धड ओळख नव्हती! मिटल्या डोळ्यांतून पाणी ओघळून कंबरपट्ट्यावर पडलं. ध्यान केल्यानं मनात येते म्हणतात ती करुणा की काय ती हीच असावी, असं त्याला वाटलं. श्वास मोजायचेही राहून गेले.

"मला वाईट कशाचं वाटतं सांगू?" मावशीचा आवाज आता कातर झाला होता. "भिंतीतून मला रोज ऐकू यायचं. ध्यान झालं की हळू आवाजात सराव करायचा. 'याना, ये गं. याना, ये गं राणी.' रोज. पहिल्यांदा नुसती खरखर व्हायची, परवा परवा इतकं छान जमलं होतं त्याला. आणि पोरगी यायला दोन दिवस राहिलेत."

मेतोदीनं डोळे उघडले.

भिंतीकडे पाहिलं. कंबरपट्ट्याकडे पाहिलं. दाराच्या दिशेनं पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्याला आपली ती रेखीव चौकट बाहेरच्या बाजूनं दिसली.

"दानियेलाला कळवलं मी," मावशी म्हणाली. "हुंदक्यानं बोलवेना तिला. पोरगी बाजूलाच होती वाटतं. दानियेला एवढंच म्हणाली, आधी घरी आईला फोन लावते."

त्याच क्षणी पलीकडच्या टेबलावरचा फोन वाजला. घड्याळाप्रमाणे अजून साडेतीन मिनिटं बाकी होती. मेतोदी उठला. उजवा पाय बधिर झालेला, तो कपाटाखालून निघेना. कसाबसा ओढत, खुर्ची पाडत तो फोनपर्यंत पोचला. सदतीस दिवसांची सगळी साधना, सगळे मोजलेले श्वास कुठल्या कुठं गेले. त्यानं रिसीव्हर उचलला आणि गोदीत उचलायचा तसा आवाज उचलला.

"आलो!!"

जिन्यात एकच किंकाळी फुटली. मावशी किसणीवर बसली, आणि किरो दोन पायऱ्या न वापरता खाली गेला. फोनवर दानियेलाचा श्वास ऐकू आला, आत ओढलेला आणि तिथंच थांबलेला.

"बाबा?"

"मी! मी आहे! चौकट चुकली! माझीच चूक! मेलेलं कुणी नाही!"

आणि मग दुसरा आवाज आला. बारीक, रडून रडून बसलेला.

"आई, द्यादो ओरडतोय! ओरडतोय बघ! आहे, आहे तो!"

गेलं वर्षभर ज्या आवाजाच्या भीतीनं ती पोर द्यादो घरी आहे का हे आधी विचारत होती, तोच आवाज ऐकून ती आता हसत होती. "रडू नको," एवढंच तो म्हणाला, आणि तेही इतक्या जोरात की बाजारातून परत येणाऱ्या रोसित्साला कोपऱ्यावरून ऐकू गेलं आणि तिच्या मनात आलं, चला, बरा झाला.

पुढचे दोन दिवस फार अवघड गेले. मावशीनं दार वाजवून त्याच्या हाताला, नाकाला, गालाला हात लावून खात्री करून घेतली आणि मग एक थोबाडीत मारली. किरोनं घाईघाईत इमारतीच्या नोंदवहीत त्याच्या नावावर लाल रेघ मारली होती आणि वहीत खाडाखोड चालत नाही, असा त्याचाच नियम होता. पुन्हा नाव घालायचं तर नव्यानं राहायला आल्याचा अर्ज भरावा लागतो. मेतोदीनं निमूटपणे अर्ज भरला. 'यापूर्वीचा पत्ता' या रकान्यात त्यानं लिहिलं: 'बैठकीच्या खोलीत, जमिनीवर.' खाली दोन साक्षीदारांच्या सह्या लागत होत्या. मावशीनं सही करताना त्याच्याकडे रागानं पाहिलं.

तिनं त्याच्यासाठी गहू भिजत घातले होते. गेलेल्या माणसासाठी गहू उकडून साखर आणि अक्रोड घालून वाटतात, आणि मावशीच्या घरात असलेले सगळे अक्रोड, धाकट्या जावेचे चारसुद्धा, तिनं फोडून ठेवले होते. भिजलेले गहू टाकवेनात. "पोरीसाठी ठेव," ती रोसित्साला म्हणाली. "तिला गोड आवडतं. कशासाठी केलेत ते सांगू नकोस म्हणजे झालं."

शनिवारी सोफियाची गाडी पाऊण तास उशिरा आली. मेतोदी फलाटावर उभा होता, इस्त्रीच्या शर्टात, रोसित्सानं कॉलर बोटांनी दोनदा सपाट केलेली. मनात तो इतक्या दिवसांचा सराव घोळवत होता. आता घाबरवायचं नाही. हळू. अगदी हळू.

दानियेला उतरली, सरळ येऊन त्याला मिठी मारली आणि त्याच्या खांद्यात तोंड खुपसून रडली. याना तिच्या मागं उभी होती, आईच्या बॅगचा पट्टा धरून. मेतोदी गुडघे टेकून खाली बसला. कपाटाखाली अडकायचा तो पाय पुन्हा कुरकुरला.

"याना," तो कुजबुजला, "ये गं राणी."

इतकं छान त्याला कधीच जमलं नव्हतं. पण यानाचा चेहरा पडला. तिनं त्याच्याकडे निरखून पाहिलं, जवळ आली, बोट पुढं करून त्याच्या गालाला लावून पाहिलं आणि मागं घेतलं.

"द्यादो," ती म्हणाली, "ओरड ना."

मेतोदीनं तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदा, गोदीत नाही, स्टेडियममध्ये नाही, कधीही न झालेली गोष्ट झाली: त्याला ओरडता येईना. त्यानं एक श्वास घेतला, डोळे मिटले, दुसरा घेतला. रोसित्सानं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"ओरड," याना म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "फोनवर ओरडलास तसं."

आणि मग मेतोदी स्तामातोव ओरडला. फलाटावरची कबुतरं उडाली, स्टेशनमास्तर शिट्टी हातात घेऊन बाहेर आला, पलीकडच्या गाडीतल्या बाईनं खिडकी खाली केली. यानानं दोन्ही कान झाकून घेतले आणि खिदळत त्याच्या गळ्यात पडली. "अजून!" ती त्याच्या कानात म्हणाली.

घरी जाऊन तिनं दोन वाट्या गहू खाल्ले. त्या दिवशी ध्यान करायचं राहूनच गेलं. चाळीस दिवस पुरे होता होता राहिले, एकोणचाळीसच भरले, आणि त्सोंकामावशी म्हणाली, मी सांगितलंच होतं.